विश्लेषण : प्राध्यापकाची कंपनी, मग संशोधन कोणाचे?

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी ४ एप्रिल २०२४ रोजी आयआयटी मुंबईत देशी बनावटीच्या ‘कार-टी सेल’ उपचाराचे लोकार्पण केले. रुग्णाच्याच रक्तातील टी पेशी काढून, त्यांच्यात जनुकीय बदल करून त्या कर्करोगाशी लढण्यासाठी पुन्हा शरीरात सोडायच्या, अशी ही पद्धत. परदेशात तिचा खर्च तीन-चार कोटी रुपयांच्या घरात जातो. इथे साधारण दहावा हिस्सा. हा ‘नेक्सकार१९’ उपचार बाजारात आणणाऱ्या ‘इम्युनोॲक्ट’चे संस्थापक राहुल पुरवार हे आयआयटी मुंबईचेच प्राध्यापक.

कंपनी कशासाठी?

शोधनिबंध छापून आला की प्राध्यापकाचे काम एरवी संपते. औषधाचे तिथून सुरू होते. निर्जंतुक उत्पादन केंद्र, रुग्णांवरील चाचण्या, औषध नियंत्रकांची मंजुरी हे सारे संशोधन अनुदानात बसत नाही. चाचण्यांसाठी टाटा मेमोरियलची साथ होती, तरीही २०१८ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीला मंजुरी मिळायला ऑक्टोबर २०२३ उजाडला. इतका काळ विक्रीविना तग धरायचा तर गुंतवणूकदार लागतो आणि तो पैसा कंपनीत घालतो, विभागात नाही.

पेटंट कोणाकडे?

संस्थेची साधने वापरून लागलेल्या शोधाची मालकी सहसा संस्थेकडे राहते. कंपनी तिच्याकडून परवाना घेते. अमेरिकेत १९८०च्या बे-डोल कायद्याने ही वाट मोकळी केली. आपल्याकडे तशा धर्तीचे विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत आले, पण कायदा झाला नाही. त्यामुळे ज्या-त्या संस्थेचे नियम लागू होतात.

पगार संस्थेचा, वेळ कोणाचा?

खरा पेच इथे आहे. केंद्राच्या २०१९च्या नवोपक्रम व स्टार्टअप धोरणात प्राध्यापकांना रजेची मुभा आहे, संस्थेला कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घेता येतो. संशोधन आणि कंपनीचे काम वेगळे ठेवा, संस्थेचे कर्मचारी कंपनीसाठी राबवू नका, असेही त्यात बजावले आहे. कागदावर हे सोपे. पण ‘सर, हे काम माझ्या प्रबंधाचे की तुमच्या कंपनीचे?’ असे पीएचडीचा विद्यार्थी विचारणार कसा? त्याचा प्रबंध सरांच्याच सहीने पुढे जातो. त्यामुळे देखरेख विभागाबाहेरच्या समितीकडे असायला हवी.

किमतीचेही तसेच. दहावा हिस्सा म्हटला तरी रक्कम तीस-चाळीस लाखांच्या आसपास जाते. सरकारी पैशातून लागलेल्या शोधाचा परवाना देताना संस्थेला किमतीची अट घालता येते. एकदा गुंतवणूकदार कंपनीत आले, की ती घालणे अवघड.