नव्व्याण्णव आणि एक

खांद्यावर कोकरू घेतलेला येशू आमच्या किनाऱ्यावरील लोकांस अपरिचित नाही. सतराव्या शतकात गोव्यात हस्तिदंतात कोरलेला ‘उत्तम मेंढपाळ’ जगभर गेला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात तो आजही आहे. डोंगराच्या माथ्यावर बसलेला बाल येशू, गालास टेकलेला हात, मिटलेले डोळे, अंगाशी कोकरे. पाहणाऱ्यास आधी ध्यानस्थ बुद्धच आठवावा!

ही प्रतिमा उज्जैनसही परकी वाटण्याचे कारण नाही. तेथील महाकाल हा शिव, आणि शिव म्हणजे पशुपती. गाई राखणारा कृष्ण शिकावयास गेला तो त्याच नगरीतील सांदीपनींच्या आश्रमात, आणि गुरुदक्षिणा म्हणून त्याने आणून दिला तो गुरूचा हरवलेला मुलगा. नव्व्याण्णव मेंढरे रानात ठेवून चुकलेल्या एकाच्या शोधार्थ निघणाऱ्या मेंढपाळाची लूकच्या शुभवर्तमानातील कथा ह्याहून फार दूरची नव्हे.

१९६८ साली उज्जैन येथे सायरो-मलबार पंथाचे धर्मक्षेत्र स्थापन झाले. १९७७ साली त्यास धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. योगायोग असा की, बळाने, प्रलोभनाने वा फसवणुकीने होणाऱ्या धर्मांतरास बंदी घालणारा मध्य प्रदेशचा कायदाही १९६८ चाच. २०२१ साली त्याची जागा अधिक कडक कायद्याने घेतली. केरळातून आलेल्या मेंढपाळांकडे माळवा संशयाने पाहतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. आम्हांस तो संशय सर्वस्वी निराधार वाटत नाही, कारण मेंढपाळ म्हटला की कळपाची मोजदाद आलीच. परंतु सेवेचे प्रत्येक कृत्य आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हाही न्याय नव्हे.

शिवाय ह्या प्रतिमेत एक अडचण आहे, ती भाविक सहसा बोलून दाखवीत नाहीत. घाटावरून मेंढ्या घेऊन कोकणात उतरणारा धनगर लंगडे कोकरू खांद्यावर घेतो हे खरे. पण तोच मेंढीची लोकर कातरतो, आणि प्रसंगी तिला विकतोही. माणसास मेंढरू म्हणणे सत्ताधाऱ्यांस नेहमीच सोयीचे वाटत आले आहे, मग ती सत्ता देवळाची असो, चर्चची असो वा मंत्रालयाची. म्हणूनच योहानाच्या शुभवर्तमानातील दुसरे पात्र आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. तो भाडोत्री राखणदार! लांडगा दिसताच तो पळतो. खरा कोण आणि भाडोत्री कोण, हे लांडगा येईपर्यंत कळत नाही.

उज्जैन महसूल विभागातच मोडणाऱ्या देवास जिल्ह्यात, उदयनगर येथे, तो आला. सिस्टर रानी मारिया ह्या केरळच्या जोगिणीने तेथील आदिवासींस सावकाराच्या पाशातून सोडविण्याचे काम चालविले होते. बचत करा, बँकेत जा, आपल्या हक्कासाठी आपणच बोला, अशी तिची शिकवण होती. मेंढरांस मेंढरे राहू न देणारी ही राखण सावकारांस खुपली. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये, सहप्रवाशांदेखत, तिला सुऱ्याने भोसकण्यात आले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे चर्चने तिला धन्य घोषित केले.

मारेकऱ्यास जन्मठेप झाली. सिस्टरची धाकटी बहीण, तीही जोगीणच, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. पुढे त्याची सुटका व्हावी म्हणून त्या कुटुंबानेच संमती दिली. सुटल्यावर तो केरळात त्यांच्या दारी गेला. म्हाताऱ्या आईने त्याचे हात हाती घेतले.