अनुदान पटावर, गरज छपराखाली

खरिपाच्या तोंडावर वाडीवस्तीवर बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक घ्यायचं म्हटलं, की आम्हाला सावलीची जागा एकच सापडते, जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा. गेल्या जूनमध्ये अशाच एका द्विशिक्षकी शाळेत हात धुवायला पाणी मागितलं. बोअर आहे, मोटर आहे, तोट्याही बसवलेल्या आहेत. पण बिल थकल्याने वीज तोडलेली. पोरं घरून बाटल्या भरून आणतात. संगणक कापडाखाली झाकलेला. ‘‘गुरुजी, अनुदान येत नाही का?’’ म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘‘येतं की. दहा हजार.’’

हा आकडा आला कुठून, हे आपण समजून घेतलं पाहिजे. सर्व शिक्षा अभियान आणि माध्यमिक शिक्षा अभियान एकत्र करून केंद्राने २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजना आणली. तीतून सरकारी शाळेला वर्षाला एक संयुक्त अनुदान मिळतं आणि ते ठरतं पटावर. २०२१ च्या सुधारणेनंतर दर असे झाले: तीस मुलांपर्यंत १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००, हजारपर्यंत ७५,००० आणि त्यापुढे एक लाख. यातच खडू, लाईट बिल, पाणी, मोडक्या वस्तूंची दुरुस्ती हे सगळं बसवायचं. शिवाय किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची.

आता हिशेब करा. एकतीस मुलांच्या शाळेला २५,००० आणि अठ्ठावीस मुलांच्या शाळेला १०,०००. म्हणजे गावातून तीन पोरं जीपमध्ये बसून तालुक्याच्या शाळेत गेली, की मागे राहिलेल्या अठ्ठावीस पोरांचे पंधरा हजार गेले. छप्पर तेवढंच गळतं, मोटर तेवढीच वीज खाते. पट कमी झाला म्हणून संडास अर्धा धुऊन चालत नाही. पट घटला की पैसा घटतो, पैसा घटला की शाळा ओस दिसू लागते, आणि ओस शाळेत पोर कोण घालणार? मागे राहतात ती शेतमजुराची, ऊसतोडणीला जाणाऱ्यांची लेकरं. पटाप्रमाणे पैसा ही पद्धत कारकुनाला सोपी आहे, हे कबूल. पण ज्या शाळेला आधाराची गरज जास्त, तिलाच ती कमी देते. माझ्या मते लहान शाळांना पट न बघता वीज-पाण्याची ठराविक रक्कम आधी द्यायला हवी आणि बाकीची पटावर.

हे धोरण दिल्ली-मुंबईत ठरतं, आपल्या हातात नाही. पण दुसरी वाट आपल्या हातात आहे आणि तिच्याकडे आपण बघतच नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यात शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं स्पष्ट आहे. शाळेचा विकास आराखडा याच समितीने करायचा. बऱ्याच ठिकाणी काय होतं? गुरुजी लिहितात, अध्यक्ष सही करतात. माझ्या ओळखीच्या एका अध्यक्षांना आपण अध्यक्ष आहोत हे सहीच्या वेळीच कळलं होतं!

हा आराखडा शाळेच्या कपाटात राहिला तर त्याचा उपयोग नाही. तो ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात चढला पाहिजे. पंधराव्या वित्त आयोगाचं उदाहरण घ्या. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी त्याने साठ टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला होता, चाळीस टक्के अबंधित. शाळेचा संडास, हात धुण्याच्या तोट्या, पाण्याची टाकी पहिल्या भागात बसत होती. दुरुस्ती, सौर पॅनेल दुसऱ्यात. ज्यांनी मागितलं त्यांच्या शाळा आज बघून या. आयोग बदलतो, टक्केवारी बदलते, पण आराखड्यात नसलेल्या कामाला पैसा मिळत नाही, हे बदलत नाही. पेसा क्षेत्रातल्या गावांना तर आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी २०१५ पासून थेट मिळू लागला. तिथल्या सरपंचांनी ‘पैसा नाही’ म्हणण्याआधी खातं बघावं. नवी खोली किंवा मोठी दुरुस्ती असेल, तर ते काम जिल्हा परिषद किंवा जिल्हा नियोजन समितीकडे न्यावं लागतं आणि त्यालाही समितीचा ठराव हातात लागतो.

भाऊसाहेबांनाही एक सांगणं आहे. (२०२४ पासून त्यांचं पद ग्रामपंचायत अधिकारी झालं, गावासाठी ते भाऊसाहेबच.) ग्रामसभेची नोटीस मुख्याध्यापकांना आणि समितीच्या अध्यक्षांना आठवडाभर आधी द्या. आराखड्याचं काम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं, तेव्हा शाळेचा कागद तयार असला पाहिजे.

त्या कागदावर ‘शाळा सुधारावी’ असं मोघम लिहू नका. थकलेलं बिल किती, पत्रे किती फुटले, टाकी किती लिटरची हवी, आणि प्रत्येकाचा अंदाजे खर्च किती, ते लिहा. बिलाची झेरॉक्स जोडा. ग्रामसभेत ठराव वाचून घ्या, कार्यवृत्तात नोंद झाली की नाही ते त्याच दिवशी बघा आणि नक्कल घेऊनच घरी जा.