प्रेरणा आधी की वाटा आधी?

कंपन्यांच्या प्रशिक्षण शिबिरांत, महाविद्यालयांतल्या करिअर मार्गदर्शनात आणि आता मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंत एकच सिद्धान्त अखंड सांगितला जातो. नोकरीतली प्रगती म्हणजे मनाच्या उभारीचा खेळ. जिद्द असलेला वर जातो, मागे राहिलेल्याची प्रेरणा कमी पडते. पुराव्यादाखल मुंबईचे डबेवाले हमखास पुढे केले जातात. शिक्षण जेमतेम, संगणक नाही, तरी साठ लाख डब्यांत एखादीच चूक. मग तुम्ही एवढे शिकलेले, तुमचं घोडं कुठे अडतं? या प्रश्नापुढे मान खाली घालून बसलेली तरुण मुलं-मुली मी पाहिली आहेत, आणि त्यांनी ती घालायला नको होती असं मला मनापासून वाटतं. कारण हा सिद्धान्त चुकीचा आहे. तो खोडून काढायला डबेवाल्यांचंच काम पुरेसं आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. एकाच विभागात, एकाच पगारावर, एकाच साहेबाच्या हाताखाली दोघं लागतात. एक जण नवं काम शिकून घेतो, जबाबदारी ओढवून घेतो. दुसरा सहा वाजण्याची वाट पाहतो. पाच वर्षांनी दोघांत जे अंतर पडतं, ते माणसामाणसातल्या फरकामुळेच. दुसरं म्हणणं असं, की परिस्थितीची सबब एकदा हाती दिली की माणूस धडपडायचं सोडून देतो. दोन्ही मुद्दे अनुभवातून आलेले आहेत. त्यांना उत्तर द्यायला हवं, आणि ते देण्याआधी डबेवाल्यांकडे जरा बारकाईने पाहायला हवं.

पहिल्यांदा त्या आकड्याविषयी. १९९८ साली ‘फोर्ब्स’मध्ये डबेवाल्यांवर लेख आला. चूक जवळपास होतच नाही, झालीच तर दोनेक महिन्यांत एखादी, असं संघटनेच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी सांगितलं होतं. त्यावरून पत्रकाराने हिशेब मांडला. पुढे तोंडोतोंडी आकडा बदलत गेला आणि त्याला ‘सिक्स सिग्मा’ची झूल चढली. सिक्स सिग्मा म्हणजे दहा लाखांत ३.४ दोष, आणि ते मोजमापाने सिद्ध करावं लागतं. तसं मोजमाप या आकड्यामागे नाही. डबेवाल्यांच्या कामाची थोरवी यामुळे तसूभरही कमी होत नाही.

ती थोरवी आहे त्यांच्या रचनेत. १८९०च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या धंद्यात मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आली. पंधरा-वीस-पंचवीस जणांची टोळी, तिचा अनुभवी मुकादम. गिऱ्हाइकांचे पैसे टोळीत जमा होतात, खर्च वजा जाऊन उरलेले वाटून घेतले जातात. नवा माणूस आधी हाताखाली शिकतो, मग आपला हिस्सा विकत घेऊन भागीदार होतो. तिथे कुणी कुणाचा नोकर नाही. एखादा आजारी पडला, एखादी लोकल उशिरा आली, तर सावरायला टोळीत दोन-चार माणसं जादा ठेवलेली असतात. झाकणावरच्या खुणा अशा, की डबा कोणत्या स्टेशनातून निघाला, कुठे उतरायचा, कोणी न्यायचा आणि कोणत्या इमारतीच्या कितव्या मजल्यावर, हे एका नजरेत कळावं. दादर किंवा अंधेरीच्या फलाटावर लोकल काही सेकंद थांबते. तेवढ्यात मालडब्यातून जड पेट्या चढवायच्या-उतरवायच्या असतात. तिथे बारीक अक्षरांतला पत्ता वाचायला कुणाला सवड?

त्यांची निष्ठा खरी आहे. यातले कितीतरी जण वारकरी आहेत, आणि भुकेल्या माणसाला अन्न पोचवणं ही सेवा आहे असं ते मनोभावे मानतात. पण ही निष्ठा टिकते कशावर? दुपारच्या उन्हात हातगाडी ओढणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, की गिऱ्हाईक तुटलं तर आपल्या वाट्यातलं तुटेल आणि आपण पडलो तर टोळी सांभाळेल.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या, कचेऱ्या बंद झाल्या. सामान्य प्रवाशांना २०२१च्या सुरुवातीला ती काही आठवडे ठरावीक वेळांपुरती मिळाली आणि पुन्हा बंद झाली; लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना ती परत मिळाली १५ ऑगस्ट २०२१ला. मधल्या काळात कितीतरी डबेवाले गावी शेतीकडे परतले, काहींनी मिळेल ती रखवालदारी धरली. त्यांची जिद्द त्या मार्चमध्ये एका रात्रीत आटली होती का? सव्वाशे वर्षं चाललेलं काम बसलं ते पायाखालचे रूळ काढून घेतल्यामुळे. ज्याला प्रेरणा हेच यशाचं कारण वाटतं, त्याने या वर्षांचा हिशेब द्यावा.

याच शहरात आज जेवण पोचवणारा दुसरा एक वर्ग आहे, ॲपवर काम करणाऱ्या डिलिव्हरी बॉईजचा. शहर तेच, ऊन-पाऊस तोच, डब्याऐवजी पाठीवर पिशवी. प्रेरणेचे संदेश, टार्गेट, इन्सेन्टिव्ह, रेटिंग हे सगळं त्यांच्या मोबाइलवर येत असतं. नसतो तो वाटा. दर वरून बदलतात, आयडी बंद झाला तर दाद कुणाकडे मागायची हे धड कळत नाही, आणि आजारी पडल्यावर जागा सांभाळणारी टोळी नाही. ही मुलं डबेवाल्यांपेक्षा कमी कष्टाळू आहेत, असं कोण म्हणेल?

आता पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा. दोघांतला फरक खरा, पण त्यातून एवढंच कळतं, की असलेल्या जागेवर कोण बसणार. जागा किती, हे त्यातून कळत नाही. पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत अप्रेझलच्या वेळी बेल कर्व्ह, म्हणजे कोणत्या श्रेणीत किती जण हे आधीच ठरवून देणारा साचा, लावला जातो तेव्हा बारा जणांच्या टीममध्ये वरची श्रेणी एखाद-दुसऱ्यालाच मिळते. बाराही जणांनी रात्री जागवल्या तरी बाकीचे मधल्या आणि खालच्या श्रेणीतच जाणार, कारण गणित आधीच ठरलेलं आहे. त्यांना नंतर ‘मोटिव्हेशन’च्या शिबिराला बसवणं हा मला उघड अन्याय वाटतो. १९५० पासून जपानी उद्योगांना गुणवत्ता शिकवणाऱ्या एडवर्ड्स डेमिंग यांनी वार्षिक गुणांकनाला व्यवस्थापनाच्या घातक रोगांत गणलं होतं. त्यांच्या चौदा सूत्रांतलं दहावं तर कामगारांसाठीच्या घोषणा आणि उपदेश काढून टाका असंच सांगतं. बहुतेक दोष व्यवस्थेतले असतात, आणि ते एकट्या कामगाराच्या आवाक्याबाहेर असतात.

दुसरा, सबबीचा मुद्दा अनुभवाची एकच बाजू पाहतो. दोष माझ्यातच आहे अशी ज्याची खात्री पटते, तो गप्प होतो. प्रश्न विचारत नाही, बदली मागत नाही, सहकाऱ्याशी पगाराचं बोलत नाही. आपला जोर कुठे लागू पडतो आणि कुठे भिंत आहे हे ज्याला समजतं, त्याच्याच प्रयत्नाला दिशा सापडते.

मग प्रगती कशात मानायची? हातात मुरत जाणारं कसब, काम कसं करायचं हे ठरवण्यात चालणारा आपला शब्द, आणि मिळकतीत रास्त वाटा. डबेवाल्याला पदांची शिडी जवळजवळ नाहीच. डबेवाला आणि मुकादम, संपलं. तरी या तिन्ही गोष्टी त्याच्यापाशी असल्यामुळे तो वर्षानुवर्षं मान ताठ ठेवून काम करत आला. त्या कामाचा मोबदला तुटपुंजा आहे आणि आपल्या मुलांनी यात यावं असं अनेक डबेवाल्यांना वाटत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून त्यांचं उदाहरण द्यायचंच असेल, तर पुरतं द्या. त्यांचा भक्तिभाव सांगताना त्यांची भागीदारी सांगा, जादा ठेवलेली माणसं सांगा, आपला मुकादम त्यांच्यातूनच येतो हे सांगा. आणि समोर बसलेल्या तरुणांना पुढच्या अप्रेझलला दोन प्रश्न विचारू द्या: वरच्या श्रेणीच्या जागा यंदा किती होत्या, आणि त्या कोणी ठरवल्या?