मेणवलीची घंटा

वाईस येणारा प्रवासी ढोल्या गणपतीचें दर्शन घेतो, कृष्णेचे घाट पाहतो आणि माघारीं वळतो. सन १७६२ मध्यें गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं बांधविलेलें तें मंदिर प्रेक्षणीय आहे यांत शंका नाहीं. परंतु तेथून तीन-चार किलोमीटरांवर, नाना फडणिसांच्या वाड्याखालीं मेणवलीच्या घाटावर जी घंटा टांगलेली आहे, ती इतिहासाच्या विद्यार्थ्यास अधिक विचार करावयास लावते. मेणेश्वराच्या देवळाजवळील या पंचधातूच्या घंटेवर १७०७ हा आंकडा असून बालयेशूस घेतलेल्या मरियेची आकृति आहे.

शिवालयाच्या दारीं मरिया कशी आली? सन १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं पोर्तुगिजांपासून वसई जिंकिली. त्या मोहिमेंत चर्चमधील घंटा मराठ्यांच्या हातीं लागल्या व पुढें देशावरील देवळांस वाहिल्या गेल्या. भीमाशंकरास अशीच एक आहे. नाशिकची नारोशंकराची घंटा तर लोकांच्या बोलण्यांतही रूढ झाली. मेणवलीची घंटा त्यांचीच बहीण.

अशा वस्तूविषयीं दोन पक्ष संभवतात. एक म्हणेल, ही विजयाची खूण, तिचा अभिमान मिरवावा. दुसरा म्हणेल, ही लूट, ज्याची त्यास परत करावी. आमच्या मतें दोघेही अर्धीच गोष्ट सांगतात. विजयचिन्ह होण्यापूर्वीं बत्तीस वर्षें ही घंटा भक्तांची होती, हें पहिला विसरतो. आणि तिला कृष्णाकांठीं दोन शतकांहून अधिक काळ लोटला, ती येथील भाविकांचीही झाली, हें दुसरा विसरतो. वितळवून तिची तोफ ओततां आली असती. निदान ती आकृति तरी तासून टाकतां आली असती. तसें कोणीं केलें नाहीं. जेत्यांनीं घंटा नेली, पण तिच्यावरील माता तशीच राहूं दिली. लूट ती लूटच; तथापि ही गोष्टही खरीच आहे, आणि दोन्ही एकत्र सांगितल्या पाहिजेत.

म्हणून घंटा आहे तेथेंच असावी. मात्र तिची सगळी हकीकत सांगणारा मराठी फलक शेजारीं असावा. नानांच्या दप्तरांतील कागद दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं मिळविले; त्यांचा संग्रह १९३९ मध्यें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत गेला आणि सुरक्षित झाला. कागदांस असा वाली भेटला. उघड्या घाटावरील धातूस मात्र येणाराजाणाराच वाली. सन २००४ च्या ‘स्वदेस’ चित्रपटानें हा घाट घरोघर पोहोंचविला. तेव्हां पाहुणे वाढले, तशी जबाबदारीही वाढली.

विद्यार्थिबंधूंनो, येत्या सुटींत आपापल्या गांवचें जुनें देऊळ, मशीद वा चर्च पाहा. तेथील घंटेवर, पायरीवर, दगडावर जीं अक्षरें व आंकडे असतील ते जसेच्या तसे उतरून घ्या. आपलें नांव मात्र तेथें कोरूं नका; रंगही फासूं नका. एकदां बुजलेलें अक्षर परत मिळत नाहीं, आणि मग त्या जागीं ज्याला जी सोयीची ती गोष्ट खरी ठरते.