वंशवेल जिल्ह्याच्या हद्दीत मावत नाही

धाड हे बुलडाणा तालुक्यातले मोठे गाव विदर्भाच्या अगदी काठावर आहे. भोकरदनच्या रस्त्याने थोडे पुढे गेले की जालना जिल्हा लागतो, मराठवाडा सुरू होतो. सोयरिकींना ही हद्द कधीच आड आलेली नाही. इकडच्या लेकी भोकरदन-जाफराबादेकडे नांदतात, तिकडच्या सुना होऊन इकडे येतात. आजारी माणसाच्या वाटा मात्र फुटतात. कोणी बुलडाण्याच्या जिल्हा रुग्णालयात जातो, कोणी अकोल्याला, कोणी थेट छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात. समजा, एकाच आजीची तीन आजारी नातवंडे आहेत. एकाच्या केसपेपरवर 'सेरेब्रल पाल्सी' लिहिले आहे, दुसऱ्याच्या कागदावर नुसते 'फिट्स', आणि तिसऱ्याचा कागदच नाही, कारण त्याला सैलानीच्या दर्ग्यात नेले. मेंदूच्या आनुवंशिक आजारांवर विद्यापीठात काम करणाऱ्या आपल्यापैकी कोणाच्याही टेबलावर ही तिघे एका घरची म्हणून येणार नाहीत. आलीच तर रक्ताच्या सुट्या नळ्या म्हणून येतील.

२०२४ मध्ये राज्यात दहा नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. त्यांत बुलडाणाही आहे आणि जालनाही, म्हणजे या हद्दीच्या दोन्ही अंगांना एकेक. नवे महाविद्यालय म्हटले की आपल्याकडे पहिली मागणी यंत्रांची होते. आमचे म्हणणे असे की आधी वंशवेल काढायला शिकलेला माणूस नेमा. सिक्वेन्सिंग बाहेरून करून घेता येते, पैसे मोजले की अहवाल येतो. चार पिढ्यांचा तक्ता आजीकडून काढून घेणारा माणूस असा मागवता येत नाही.

याचा मोठा दाखला मुंबईतच आहे. बॉम्बे हॉस्पिटलमधले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीम सेन सिंघल यांच्याकडे मोठ्या डोक्याची मुले येत. पहिल्या वर्षातच डोके वाढू लागलेले, पुढे झटके, मग हळूहळू बिघडत जाणारी चाल. एमआरआयमध्ये मेंदूचा पांढरा भाग इतका सुजलेला दिसे की मूल अंथरुणाला खिळलेले असणार असे वाटावे, आणि ते मूल समोर बसून नीट उत्तरे देत असे. यांतली बहुतेक मुले अग्रवाल समाजातली आहेत हे सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेरले व १९९०च्या दशकाच्या आरंभीच मांडले. नेदरलँड्सच्या व्हान डर नाप यांचे सविस्तर वर्णन १९९५ मधले. २२व्या गुणसूत्रावरचे एमएलसी-१ हे जनुक सापडले २००१ मध्ये, आणि अग्रवाल रुग्णांत त्या जनुकातला बहुधा एकच बदल आढळतो: एका जागी 'सी' हे अक्षर जास्तीचे. जनुक हाती यायच्या कितीतरी आधी निम्मे उत्तर डोक्याचा घेर मोजणाऱ्या टेपने आणि 'तुम्ही कुठले, कोणाचे' या प्रश्नाने दिले होते.

अग्रवालांची गोष्ट अपवादाची नाही. २०१७ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण आशियातले २६३ गट तपासले गेले. त्यांतल्या ८१ गटांत मोजक्या पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्कनाझी ज्यूंपेक्षाही ठळक निघाला. लोकसंख्या दहा लाखांच्या वर असलेले १४ गट त्यांत आहेत. जातीतच लग्न करण्याचा हा जमाखर्च आहे, नवरा-बायको एकमेकांच्या नात्यातले नसले तरी तो चुकत नाही. त्यात आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत. त्या जोडप्याच्या मुलात सरासरी सोळातल्या एका जागी जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात.

तक्ता काढण्याचे शास्त्र पुस्तकात अर्ध्या पानाचे आहे: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. ओट्यावर बसल्यावर ते पुरत नाही. 'मुलं किती?' असे विचारले की हयात असतील तेवढीच मोजली जातात. पाळण्यात किती गेली, किती वेळा दिवस राहून पडले, हे बाईलाच विचारावे लागते, आणि तेही घरातले पुरुष उठून गेल्यावर. 'लग्न नात्यातलं का?' याला उत्तर ठरलेले: 'छे, नात्यातलं कुठलं!' मामाची मुलगी करणे त्यांच्या लेखी नात्यातले लग्न नसतेच, ती चालत आलेली रीत असते. त्यापेक्षा सुनेला विचारावे, 'तुमचं माहेर कोणतं, आणि सासूबाईंचं?' दोन्ही गावे आणि आडनावे एकच निघाली की रेघ दुहेरी होते. आपल्या किती पीएचडीच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न शिकवला जातो? पायथनचा कोर्स मात्र सक्तीचा असतो.

सैलानीबद्दल थोडे. बुलडाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईच्या या दर्ग्यात होळीला मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि 'बाहेरचं झालंय' म्हणून आणलेली माणसे एरवीही दिसतात. अंधश्रद्धेवर दोन कडक परिच्छेद लिहून मोकळे होणे सोपे आहे. गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात मनोविकारतज्ज्ञ मुजावरांच्या शेजारी बसून औषध देऊ लागले, 'दवा और दुआ' या नावाने. त्या वाटेने उपचार जावेत. संशोधकाने मात्र तिथे नळ्या घेऊन जाऊ नये. ज्याला या क्षणी संमती देता येत नाही, त्याचे रक्त गर्दीत काढणे आम्हाला कोणत्याही समितीच्या शिक्क्याने पटणार नाही. आधी औषध, मग घर, मग ओळख, आणि त्यानंतर जमले तर रक्त.

संमती मिळाली तरी गुंता सुटत नाही. आपण नाव काढून सांकेतिक क्रमांक देतो आणि निश्चिंत होतो. 'बुलडाणा जिल्ह्यातले एक गाव, पाच भावंडे, तिसऱ्या व पाचव्याला झटके, आई-वडील आते-मामे भावंडे' असा तक्ता छापला की धाडच्या बाजारात कोणीही ते घर बोट दाखवून सांगेल. मग त्या घरच्या निरोगी लेकींचीही स्थळे थांबतात. शोधनिबंधातला तक्ता भावंडांचा क्रम बदलून, लिंग झाकून, तालुका गाळूनच द्यावा. समीक्षक कुरकुरले तर कुरकुरू द्यात.

वंश आणि डोके यांची सांगड घालणाऱ्या विद्येचा इतिहासही आपण विसरू नये. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे गेल्या. युरोपियनांच्या कवटीचा विषम आकार हा त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचा पुरावा ठरेल, ही फिशर यांची अपेक्षा. कर्वेबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशावंशांत तसा फरक दिसत नाही, असे मार्गदर्शकाच्या तोंडावर प्रबंधात लिहिले. पुढे याच बाईंनी नातेसंबंधांचा अभ्यास गावोगाव फिरून केला. जनुकांचे आकडे घेऊन एखाद्या जातीच्या स्वभावावर किंवा अकलेवर बोलू पाहणाऱ्यांना तो प्रबंध वाचायला द्यावा.

राहिला विद्यापीठाचा हिशेब. वंशवेल जमवण्यात गेलेले वर्ष बढतीच्या अर्जात कुठल्याच रकान्यात बसत नाही, त्यामुळे शहाणा प्राध्यापक दुसऱ्याच्या डेटावर निबंध लिहितो. असा रकाना विद्यापीठांनी सुरू करावा. बुलडाणा आणि जालन्याच्या महाविद्यालयांनी आनुवंशिक मेंदूविकारांची एकच सामाईक नोंदवही ठेवावी, घाटी आणि अकोल्याने तिला आपले केसपेपर जोडावेत, आणि ज्या घरातून रक्त नेले त्या घरी अहवाल मराठीत परत जावा, निदान लागले नसले तरी. अशी नोंदवही उघडायला तयार असलेल्या विभागांनी आम्हाला कळवावे. तिचा नमुना अर्ज आम्ही पुढच्या अंकात छापू.