दोन एकरवाल्याची मेंढी योजनेत कुठे बसते?

दोन एकर कोरडवाहू जमीन, घरात चार माणसे आणि पावसाळा सरला की रिकामे हात. अशा कुटुंबाने आठ-दहा मेंढ्या पाळाव्यात असे आम्ही सांगतो, तेव्हा दोन आक्षेप हमखास येतात. मेंढ्या हे धनगरांचे काम, हा पहिला. जन्मावरून धंदा ठरवणारी व्यवस्था आपण केव्हाच नाकारली आहे, तेव्हा त्यावर शाई घालवत नाही. दुसरा मात्र खरा आहे. शंभराचा कळप घेऊन रानोमाळ हिंडायला माणूस नाही आणि गावाला गायरान उरले नाही. मग बांधावरच्या चाऱ्यावर किती जनावरे जगणार?

इथे मेंढीच्या आकाराचा विचार करावा लागतो. बंगालच्या सुंदरबनात गरोल नावाची मेंढी आहे. पूर्ण वाढलेली गरोल दहा ते पंधरा किलोची. आपली दख्खनी तिच्या जवळपास दुप्पट भरते. परंतु दख्खनी बहुधा एकच कोकरू देते, गरोल दोन, कधी तीन. या गुणामागचे जनुक २००१ साली सापडले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात गरोल आणून दख्खनीशी तिचा संकर केला आणि त्यातून ‘नारी सुवर्णा’ उभी राहिली. माडग्याळी नराला लाखाची बोली लागली की वर्तमानपत्रात फोटो येतो, गरिबाच्या उपयोगाच्या या कामाचा येत नाही. असो.

गरिबाला परवडणारी वाटही यात आहे. घरच्या दख्खनी मेंढ्या विकायची गरज नाही. या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला एक नर लावला, तर त्याच्या प्रत्येक मुलीत एक प्रत उतरते आणि तिला जुळे होण्याची शक्यता बरीच वाढते. मात्र बापाला मुलींवर सोडू नये. नर वेळीच बदलावा. जुळे झाले म्हणजे उत्पन्न दुप्पट, असेही कोणी समजू नये. कोकरे लहान असतात, आईचे दूध पुरत नाही, पहिले काही दिवस बाटली घेऊन बसावे लागते. शेवरी, सुबाभूळ बांधावर आधी लावा, मेंढ्या नंतर आणा. आंत्रविषार आणि पीपीआरची लस चुकवू नका. ही सारी मेहनत घरातली बाई करते, तर मेंढ्या आणि बँकेचे खाते तिच्याच नावावर का नको?

आता सरकारकडे पाहू. २०२१ च्या सुधारित राष्ट्रीय पशुधन अभियानात पन्नास टक्के अनुदान ठेवले, पण सर्वांत लहान गट धरला तो शंभर मेंढ्या आणि पाच नरांचा! दोन एकरवाला तिथे दारातच अडतो. राज्याच्या विशेष घटक योजनेत अनुसूचित जातींसाठी दहा अधिक एक असा गट आणि ७५ टक्के अनुदान आहे. आकडा योग्य आहे. परंतु उरलेले २५ टक्के मजुरी करणाऱ्या घराने कोठून आणायचे? सावकाराकडून? आमची मागणी एवढीच, की केंद्राने दहाचा गट मान्य करावा आणि राज्याने आपल्या योजनेत जुळे देणाऱ्या जातीचा नर मागण्याचा हक्क लाभार्थ्याला द्यावा.

तोवर ज्यांना गट मिळाला आहे त्यांनी विमा उतरवून कानातला बिल्ला सांभाळावा. मेंढी मेली तर पुरण्याआधी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्यावे आणि दाखल्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. बिल्ला नसला की कंपनी दावा फेटाळते, आणि मग प्रकरण आमच्या टेबलावर येते ते उशिरा.