मिरीला औषधाची गोळी समजू नका

‘मिरी चरबी वितळवते’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे विधान मला मान्य नाही. माणसांत तसे ठोस सिद्ध झालेले नाही. मिरीतील पायपरीनमुळे हळदीतील कर्क्युमिन रक्तात अधिक उतरते, हे मात्र खरे. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली ते दाखवले. पण हेच पायपरीन फेनिटॉइन या फिटवरच्या औषधाचे रक्तातील प्रमाणही वाढवू शकते! म्हणून गोळ्या चालू असणाऱ्यांनी मिरीअर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. सारात, काढ्यात चार दाणे खुशाल घाला, तेही आयत्या वेळी कुटून; पूड करून ठेवली की वास उडतो. आणि विकत आणलेली मिरी पाण्यात टाकून पाहा. भरीव दाणा तळाशी बसतो, भेसळीच्या पपईच्या बिया तरंगतात.

– एक वाचक, सावंतवाडी